टीव्हीवर किंवा पेपरात चुकीची बातमी आली, तर तक्रार कुठे आणि कशी करायची

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरातले तीन फोन एकदम वाजायला लागले. एका मराठी वृत्तवाहिनीवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या पतसंस्थेच्या अपहाराची बातमी चालू होती आणि 'फरार संचालक' म्हणून पडद्यावर माझ्या दिरांचा फोटो होता. नाव-आडनाव तेच, माणूस वेगळा. भाऊजींचं कराडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्या पतसंस्थेत त्यांचं साधं बचत खातंसुद्धा नव्हतं. फोटो त्यांच्या फेसबुकवरून उचललेला होता, गणपतीतला. मागे आमच्याच घरची आरास दिसत होती.

रात्री अकरापर्यंत तो फोटो पुन्हा पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्याची तार उधारीवर देणाऱ्या व्यापाऱ्याने रोख पैसे मागितले. त्यांच्याशी आमचा बावीस वर्षांचा व्यवहार आहे.

पहिले पाच दिवस आम्ही वाया घालवले. व्हॉट्सॲपवर खुलासे पाठवले, तालुक्याच्या वार्ताहराशी फोनवर भांडलो, पोलीस ठाण्यात जाऊन बसलो. सहाव्या दिवशी सासऱ्यांच्या ओळखीचे एक निवृत्त कोर्ट कारकून घरी आले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "वाहिनीला लेखी काही दिलंत का?" आम्ही दिलं नव्हतं. मुदत सात दिवसांची असते हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

तुमचे ते पाच दिवस वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. पण या वाटेने शेवटपर्यंत चालले आहे, आणि कुठे पाय अडकतो ते मला माहीत आहे.

१. सगळ्यात आधी पुरावा जपा

बातमी पाहिल्यावर पहिला हात फोन करायला जातो. तो आवरा आणि आधी पडद्याचं चित्रण करा. आम्ही ते केलं नव्हतं. सुदैवाने भाचीने वाहिनीच्या यूट्यूबवरून तो तुकडा उतरवून ठेवला होता. शनिवारी सकाळी वाहिनीने तो दुवा काढून टाकला. तिच्याकडे प्रत नसती, तर आमच्या हातात काहीच उरलं नसतं.

टीव्हीवरची बातमी असेल तर वाहिनीचं नाव, तारीख, सुरू झाल्याची वेळ मिनिटासकट, कार्यक्रमाचं नाव आणि अँकरने उच्चारलेले शब्द लिहून काढा. खालच्या पट्टीवरचा मजकूर वेगळा लिहा. बोलणं एक आणि पट्टी दुसरंच, असं फार वेळा होतं, आणि जास्त इजा पट्टी करते, कारण दुकानात-हॉटेलात टीव्हीचा आवाज बंद असतो. लोक पट्टीच वाचतात. यूट्यूबवर असेल तर थंबनेल, शीर्षक आणि दुवा तिन्ही घ्या, कारण शीर्षक नंतर गुपचूप बदलता येतं.

वर्तमानपत्र असेल तर अख्खा अंक ठेवा, नुसतं कात्रण नको. आपल्याकडे एकाच पेपराच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे अशा वेगळ्या आवृत्त्या निघतात आणि एका आवृत्तीतली बातमी दुसरीत नसते. अंकावर आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक असतो. ई-पेपरच्या पानाचीही प्रत उतरवून ठेवा.

वाहिनीने दुवा काढून टाकला तरी प्रक्षेपणाची नोंद लगेच नाहीशी होत नाही. प्रक्षेपित केलेलं साहित्य ९० दिवस जपून ठेवण्याचं बंधन वाहिन्यांवर आहे. म्हणून पहिल्याच पत्रात लिहा, "या प्रक्षेपणाचं मूळ चित्रण जपून ठेवावं."

२. बातमी खोटी असल्याचा अधिकृत कागद मिळवा

'आमचा माणूस तसा नाही' हे सांगून उपयोग होत नाही, कागद लागतो. आमच्या कामी सगळ्यात जास्त काय आलं, तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरची 'प्रकाशित एफआयआर' ही सोय. नाजूक स्वरूपाचे गुन्हे सोडून बाकीच्या गुन्ह्यांच्या प्रथम खबरी तिथे जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून सापडतात. पतसंस्थेच्या गुन्ह्याची खबर आम्ही उतरवली, तर आरोपीचं वय, वडिलांचं नाव आणि गाव सगळंच वेगळं होतं. त्यासोबत भाऊजींचा दुकानाचा परवाना आणि आधारची झाकलेल्या क्रमांकाची प्रत जोडली. एवढ्यावर प्रश्न मिटला. दोन माणसं वेगळी आहेत हे पुढे कुणीही नाकारलं नाही.

बातमी तुमच्या घरातली नसली तरी रीत हीच. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या दोन हजारांच्या नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' असल्याचं काही हिंदी वाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने दाखवलं होतं. जमिनीखाली पुरलेली नोटही उपग्रहाला दिसेल म्हणे. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरलाच नव्या नोटेची वैशिष्ट्यं प्रसिद्धीपत्रकात दिली होती आणि त्यात चिपचा उल्लेखही नव्हता. अशा बातमीविरुद्ध तक्रार करायची तर ते पत्रक हाच तुमचा पुरावा. वाहिनी खोटं का बोलते, कुणासाठी बोलते, यात शिरू नका. दावा आणि कागद शेजारी शेजारी ठेवा.

३. तक्रार नेमकी कशाची आहे ते एका वाक्यात लिहा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे सगळं फसतं. मी स्वतः पहिला मसुदा चार पानांचा लिहिला होता. त्यात आजकालच्या वाहिन्या, टीआरपी, पत्रकारितेचं काय झालं आहे, सगळं होतं. त्या निवृत्त काकांनी तो वाचला आणि शेवटच्या पानावरच्या एका ओळीखाली रेघ मारली : 'आरोपी म्हणून चुकीच्या व्यक्तीचं छायाचित्र दाखवलं.' म्हणाले, ही तक्रार, बाकी तुमचं दुःख. दुःख खरं आहे, पण ते तपासता येत नाही.

तपासता येतील असे दोष कायद्यात आणि संहितेत लिहिलेले आहेत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता. त्यात बदनामीकारक, जाणूनबुजून खोटा, सूचक कुजबुज आणि अर्धसत्य असलेला मजकूर दाखवायला मनाई आहे. एखाद्या व्यक्तीची नालस्ती, स्त्रियांची किंवा मुलांची अवहेलना, अंधश्रद्धेला उत्तेजन, हिंसेला चिथावणी यांनाही मनाई आहे. शिवाय वाहिन्यांच्या संघटनांनी स्वतः मान्य केलेल्या आचारसंहिता आहेत. त्यांत अचूकता, निःपक्षपात, खासगीपणा, अभिरुची, चूक झाल्यास दुरुस्ती अशी कलमं आहेत. तुमचं एक वाक्य यातल्या कुठल्या कलमात बसतं ते शोधा.

प्रश्नचिन्ह लावलं म्हणजे वाहिनी सुटली असं समजू नका. 'अमुक आहे का सूत्रधार?' हे वाक्य प्रश्न नसून सूचना आहे, आणि नियमातले सूचक कुजबुज व अर्धसत्य हे शब्द अशाच वाक्यांना लागतात. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हेही कवच नव्हे. तसंच 'ही वाहिनी अमक्या पक्षाची आहे' अशी तक्रार कुठेच टिकत नाही. मात्र एका चर्चेत एका बाजूच्या चार माणसांना बोलू दिलं आणि पाचव्याचा आवाज बंद केला, हे वेळेसकट दाखवता येतं.

तक्रार करायला तुम्ही बातमीतले पीडित असायलाच हवं असं नाही. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाचे बनावट ट्वीट खरे म्हणून दाखवले, त्याबद्दल ऑक्टोबर २०२० मध्ये वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने 'आज तक'ला १ लाख रुपये दंड केला आणि माफी प्रसारित करायला लावली. ती तक्रार घरच्यांनी केली नव्हती, बाहेरच्या माणसांनी केली होती. त्याच काळातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला सविस्तर निकाल दिला. तपास चालू असताना आणि आत्महत्येच्या बातमीत काय टाळावं हे त्यात नोंदवलेलं आहे. तुमची तक्रार त्या स्वरूपाची असेल तर त्या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

आणि हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात ताज आणि नरिमन हाऊसभोवतीच्या सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्या थेट दाखवत होत्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते. कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. मार्च २०१५ मध्ये नियम ६ मध्ये भर पडली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून देईल तेवढीच माहिती दाखवायची. आपल्या शहरात माणसं गेली तेव्हा ते कलम आलं. ते वापरायचं नाही तर मग ते कशासाठी आहे?

४. पहिलं पत्र वाहिनीलाच, सात दिवसांच्या आत

तालुक्याचा वार्ताहर बिचारा यात फारसा नसतो. त्याने नाव आणि मजकूर पाठवला. फोटो शोधला आणि लावला मुंबईतल्या डेस्कने. आम्ही त्याच्यावर ओरडलो याचं मला आजही वाईट वाटतं. पत्र जायला हवं ते वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि ईमेल वाहिनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतं.

मुदतीबद्दल नीट ऐका. न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन या संघटनेच्या सदस्य वाहिन्यांसाठी पहिली तक्रार पहिल्या प्रक्षेपणापासून सात दिवसांत करायची असते. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने केबल नियमांत तीन पायऱ्यांची पद्धत आणली. त्यानुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निर्णय १५ दिवसांत. तुमची वाहिनी कोणत्या चौकटीत येते हे पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून डोळे मिटून सात दिवस धरा. पत्र ईमेलने पाठवा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टनेही. फोनवर 'बघतो मॅडम' असं कुणी म्हणालं तर ते मुदतीत धरलं जात नाही.

आमचं पत्र शेवटी एका पानाचं झालं. जवळपास असं होतं :

प्रति, तक्रार निवारण अधिकारी.
विषय : दि. … रोजी सायं. ७.१० च्या बातमीपत्रातील चुकीच्या छायाचित्राबाबत.
आपल्या वाहिनीवर वरील दिवशी व वेळी … पतसंस्थेच्या अपहाराची बातमी प्रसारित झाली. तीत आरोपी म्हणून माझे छायाचित्र दाखवण्यात आले. मी ती व्यक्ती नाही. सोबत गुन्ह्याची प्रथम खबर (आरोपीचे वय व पत्ता पाहावा), माझा दुकान परवाना व ओळखपत्र जोडले आहे. या प्रक्षेपणाने कार्यक्रम संहितेचा आणि आपण स्वीकारलेल्या आचारसंहितेतील अचूकता व खासगीपणा या कलमांचा भंग झाला आहे.
माझी मागणी : १) त्याच वेळच्या बातमीपत्रात दुरुस्ती व दिलगिरी प्रसारित करावी. २) यूट्यूब, फेसबुक व संकेतस्थळावरील सर्व प्रती काढाव्यात. ३) मूळ चित्रण जपून ठेवावे. ४) केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.

सही भाऊजींची. मागण्या अशाच ठेवा, प्रत्येकीला 'केली' किंवा 'नाही केली' असं उत्तर देता येईल अशा. 'कडक कारवाई करावी' ही मागणी लिहून काहीच हाती लागत नाही. 'त्याच वेळच्या बातमीपत्रात' हे शब्द मात्र सोडू नका. नाहीतर बदनामी सात वाजता आणि दुरुस्ती पहाटे पाचला, असं होतं.

५. दुसरी पायरी : स्वनियमन संस्था

आम्हाला अकराव्या दिवशी उत्तर आलं. 'बातमी विश्वसनीय सूत्रांवर आधारित होती, नंतर छायाचित्र अस्पष्ट करण्यात आले.' दिलगिरीचा शब्द नव्हता. असं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, की पुढे जायचं.

वाहिनी कुणाची सदस्य आहे ते आधी बघा. न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशनची सदस्य असेल तर तक्रार न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटीकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे. ही संस्था २००८ पासून आहे, पूर्वी तिला एनबीएसए म्हणत. अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश असतात, पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा होते. वाहिनी न्यूज ब्रॉडकास्टर्स फेडरेशनची असेल तर त्यांची वेगळी संस्था आहे, प्रोफेशनल न्यूज ब्रॉडकास्टिंग स्टँडर्ड्स अथॉरिटी. दोन्ही संघटनांच्या संकेतस्थळांवर सदस्यांची यादी मिळते. सदस्यत्व बदलत राहतं, म्हणून तक्रार करायच्या दिवशीचीच यादी बघा. चुकीच्या संस्थेकडे गेलात तर मुदत तिकडेच संपते.

एनबीडीएसएकडे वाहिनीच्या उत्तरापासून १४ दिवसांत जायचं. केबल नियमांच्या चौकटीत हीच मुदत १५ दिवस आहे. संस्थेचा ठरावीक तक्रार अर्ज आहे. त्यात प्रक्षेपणाचा तपशील, भंग झालेली कलमं, वाहिनीशी झालेला पत्रव्यवहार आणि 'या विषयावर कोणत्याही न्यायालयात प्रकरण प्रलंबित नाही' असं निवेदन लागतं. अर्ज आणि सूचना त्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरवून घ्या, जुना अर्ज वापरू नका.

कार्यक्रम मराठी असेल तर बोललेल्या शब्दांचा मराठी उतारा आणि शेजारी इंग्रजी भाषांतर द्या. भाषांतर सावकाश करा. 'लंपास केले' आणि 'अपहाराचा आरोप आहे' यातला फरक इंग्रजीत पुसला गेला, तर तुमची तक्रारच पातळ होते. हे काम आम्ही भाचीच्या कॉलेजातल्या बाईंकडून तपासून घेतलं.

वाहिनी कुठल्याच संस्थेची सदस्य नसेल तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लिहायचं. स्थानिक केबलवाल्याच्या शहर वाहिनीविरुद्ध असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. केबल कायद्यात जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे 'प्राधिकृत अधिकारी' आहेत.

६. सुनावणी

आमची सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. वाहिनीकडून वकील आणि संपादकीय विभागाचे एक जण होते. आम्ही घरचेच, भाऊजी आणि मी. वकील हवाच असं नाही.

बोलायला थोडीच मिनिटं मिळतात. तेव्हा वेळ, दावा, कागद, मागणी या क्रमाने बोला. भाऊजींनी एफआयआरमधलं वय वाचलं आणि मग स्वतःचं वय सांगितलं. सतरा वर्षांचा फरक होता. आमचं बोलणं खरं म्हणजे तिथेच संपलं. व्यापाऱ्याची गोष्टही सांगितली, पण शेवटी आणि दोन वाक्यांत. आधी ती सांगितली असती तर वाहिनीच्या वकिलांनी भावनेचा मुद्दा करून बाजूला ठेवली असती. वाहिनीने त्या बैठकीत दिलगिरीची तयारी दाखवली.

काय मिळतं आणि काय नाही, ते आधीच समजून घ्या. इशारा, नापसंती, माफीचं प्रक्षेपण, चित्रफीत काढायचा आदेश आणि दंड. दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम परिणामकारक नसल्याचं बोलून दाखवलं होतं, आणि ते मला शंभर टक्के पटतं. तुमचं व्यवसायाचं नुकसान भरून इथे मिळत नाही. मिळते ती लेखी नोंद. आमच्यासाठी तीही मोठी होती, कारण व्यापाऱ्याच्या टेबलावर ठेवायला कागद मिळाला.

७. वर्तमानपत्राची बातमी असेल तर

वाट वेगळी आहे. भारतीय वृत्तपत्र परिषद म्हणजे प्रेस कौन्सिल फक्त वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि वृत्तसंस्था बघते, टीव्ही बघत नाही. १९७८ च्या कायद्याने ती चालते.

आधी संपादकांना पत्र लिहायचं. नाव शोधायला शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचा. तिथे मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची हे छापलेलं असतं. दुरुस्ती छापली नाही तर त्या पत्राची प्रत, मूळ अंक, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर आणि न्यायालयात प्रकरण नसल्याचं निवेदन जोडून परिषदेकडे तक्रार करायची. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने, इतर नियतकालिकांसाठी चार महिने. पत्ता : सूचना भवन, ८, सीजीओ कॉम्प्लेक्स, लोधी रोड, नवी दिल्ली ११०००३.

परिषद ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. पण कुठल्याही संपादकाला ठपका नको असतो. परिषदेकडे जायच्या तयारीने लिहिलेलं नीटनेटकं पत्र गेलं की दुरुस्ती बरेचदा तिथेच छापली जाते.

८. पोर्टल आणि यूट्यूब

इथे वाट अजून कच्ची आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्यांसाठीही तीन पायऱ्यांची पद्धत होती, पण १४ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या कलमांना स्थगिती दिली. म्हणून पोर्टलच्या संपादकाला लेखी पत्र द्याच, पण त्यावर विसंबू नका. यूट्यूब आणि फेसबुकच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडेही त्याच दिवशी लिहा. त्यांचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. प्रत्येक चित्रफितीचा दुवा वेगळा द्यावा लागतो. 'सगळ्या काढा' असं लिहून चालत नाही.

९. थेट पोलिसांत किंवा कोर्टात कधी

बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकाच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. नाव झाकलं, पण घर, शाळा, गल्ली, आईचा चेहरा दाखवला, तरी ओळख उघड होते. कठुआच्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १२ माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. असं काही दिसलं तर सात दिवस, चौदा दिवस मोजत बसू नका. त्याच दिवशी पोलिसांत द्या. आणि ते चित्रण पुरावा म्हणून जपताना स्वतः कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

बदनामीचा दावा हा दुसरा प्रकार. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एक वर्षाच्या आत करावा लागतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षं असतात. पण इथे मोठा सापळा आहे. कोर्टात प्रकरण गेलं की स्वनियमन संस्था आणि प्रेस कौन्सिल त्या विषयाला हात लावत नाहीत. आमच्या ओळखीच्या एकांनी रागाच्या भरात तिसऱ्याच दिवशी दावा लावला. महिन्या-दोन महिन्यांत मिळू शकणारी दुरुस्ती हातची गेली. भरपाई हवी असेल तर वर्ष हातात आहे. आधी दुरुस्ती मिळवा, मग वकिलाशी बोला.

फाइलमध्ये काय काय असावं

आमच्या निळ्या फाइलमध्ये शेवटी हे होतं :

– चित्रफितीची प्रत पेनड्राइव्हवर, आणि दुसरी ईमेलमध्ये
– वेळेसकट उतारा, पट्टीचा मजकूर, इंग्रजी भाषांतर
– पडद्याची छायाचित्रं, थंबनेलसकट
– एफआयआर, दुकान परवाना, ओळखपत्र
– वाहिनीला पाठवलेला ईमेल, स्पीड पोस्टची पावती, वाहिनीचं उत्तर
– संस्थेचा अर्ज आणि न्यायालयात प्रकरण नसल्याचं निवेदन
– एका कागदावर तारखांचा तक्ता : बातमी, तक्रार, पोच, उत्तर, पुढची मुदत

तक्ता फ्रिजवर लावा. आमचा तिथेच होता, आणि सासूबाई रोज सकाळी दूध काढताना तारीख वाचायच्या.

१०. दुरुस्ती मिळाल्यावर

माफी कधी दाखवणार ती तारीख आणि वेळ लेखी मागून घ्या आणि त्या वेळी टीव्हीसमोर बसून चित्रण करा. आमची संध्याकाळी सात वाजता आली, वीस-बावीस सेकंदांची. तो तुकडा आम्ही तार देणाऱ्या व्यापाऱ्यासकट त्या सगळ्यांना पाठवला, ज्यांनी मूळ बातमी आम्हाला पाठवली होती. बातमी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने दुरुस्तीही पाठवावी लागते. वाहिनी ते काम करत नाही.

मूळ वाहिनीने प्रती काढल्या तरी इतरांनी उचललेले तुकडे राहतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी भाऊजींचं नाव आणि 'पतसंस्था' हा शब्द टाकून शोधते. जूनमध्ये एका लहान यूट्यूब चॅनेलवर जुना फोटो सापडला. दिलगिरीची चित्रफीत आणि एफआयआर जोडून तक्रार पाठवली. चार दिवसांनी तो दुवा उघडत नव्हता.